गोरित्सियाहून आलेलं कार्ड

परत आलो त्याला तेरा दिवस झाले.
दुसऱ्या रेल्वे गेटजवळ
महांतेश हुक्केरीच्या घड्याळाच्या दुकानात बसलोय
आणि तो डोळ्याला भिंग लावून, वर न बघता विचारतोय,
"काय काय बघितलास गा?"

काय सांगू.
जावई खर्च करणार म्हटल्यावर
लेकीनं सगळीच गावं यादीत घातली.
व्हेनिस बघितलं. घरं गुडघाभर पाण्यात,
उंबऱ्यांवर हिरवं शेवाळ.
आपल्या किल्ल्याच्या खंदकासारखं दिसतंय म्हटलं,
तर ती म्हणाली, बाबा, निदान इथं तरी.
मग गप्प बसलो.

त्रिएस्तेत सगळे राजवाडा बघायला गेले,
मी पोस्टात गेलो.
कचेरी केवढी! संगमरवरी जिना, छताला चित्रं,
आणि खिडकीपलीकडं बाई मात्र तीच,
आपली सुलोचना नेसरीकर:
रांग दारापर्यंत गेली तरी
पेनाचं टोपण शोधत बसणारी.
मी उगाच दोन तिकिटं घेतली,
शिक्का कसा बसतो बघायला.
बरा बसला.
आपलाही बसायचा, शाईत पाणी घातलेलं नसलं की.

पिरान म्हणून एक गाव आहे, समुद्रात घुसलेलं.
तिथं पाटीवर नाव दोनदा.
दोन भाषा, अक्षरं एकाच मापाची.
चष्मा पुसला, जवळ गेलो,
पाटीवरून बोट फिरवलं:
कुठं डांबर?
कुठं खरवडून पुन्हा रंगवलेलं?
दारात मासे साफ करत बसलेल्या म्हाताऱ्याला वाटलं,
मी घर विकत घ्यायला आलोय.
त्यानं हातानंच सांगितलं, वरचा मजला गळतो.

आणि गोरित्सिया.
तिथं स्टेशनपुढच्या चौकातून देशाची हद्द जाते.
म्हणजे, जायची. जाते.
मला नीट सांगता येत नाही.
पूर्वी कुंपण होतं,
आता फरशीत एक गोल चकती.
एक पाय इकडं, एक तिकडं, लोक फोटो काढतात.
लेक म्हणाली, उभे राहा.
राहिलो.
खरं सांगतो महांतेश, काही वाटलं नाही.
नवा बूट अंगठ्याला चावत होता, तेवढंच.

वाटलं ते रात्री, हॉटेलात.
त्या गावाला इकडं एक नाव, तिकडं दुसरं,
जर्मन बोलणाऱ्यांनी ठेवलेलं तिसरं.
आणि मला टपालाच्या गोण्या दिसायला लागल्या:
बेळगाव. बेळगावी. बेलगाम.
कुणा हौशानं नुसतंच वेणुग्राम लिहिलेलं,
तेही पोचवलं होतं आपण.
बाहेर मोर्चा, काचा, बंद,
आत आपण दोघं, मध्ये खणांचं कपाट.
एकतीस वर्षं मी गावाचं नाव वाचलंच नाही.
खाली सहा आकडे असायचे,
हात आपोआप त्या खणाकडं जायचा.

तेव्हा उठून तुला कार्ड लिहिलं, कन्नडात.
पत्ते वाचले लाखांनी,
वाक्य एकही लिहिलं नव्हतं.
चार ओळींना दोन तास गेले.
पोचलं नसेल अजून.

महांतेश भिंग काढतो.
काउंटरच्या काचेखाली,
कुणी न नेलेल्या एचएमटीच्या शेजारी
कार्ड आहे. काल आलंय.
आणि त्यावर दोन ठिकाणी लाल गोल.

"'मळे' म्हणजे पाऊस," तो म्हणतो.
"तू 'मले' लिहिलास. तेही दोनदा.
बेळगावात जन्म काढलास, आणि ळ चुकतोस?"

गेट पडलंय. मिरजेकडची गाडी यायची आहे,
रिक्षा, स्कूटर, दुधाचे कॅन, सगळं थांबलंय.
तो दुरुस्तीच्या पावतीची कोरी बाजू पुढं सरकवतो,
लाल पेन माझ्या हातात देतो.
"दहा वेळा काढ.
हां, पोट जरा मोठं."